खोदलेली काळी माती जोत्यातच भरा म्हणे!

"घर बांधणाऱ्यांनो सावधान, मुरूम म्हणजे ठेकेदाराची लूट" असा एक मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो परभणीहून मावसभावाने पाठवलाय, तिकडे पायाचं खोदकाम चालू आणि हा खाली विचारतो, "दादा, मुरूम कॅन्सल करू का?" अजिबात नको.

मेसेज म्हणतो, पायातून निघालेली काळी माती फुकट आहे, तीच जोत्यात भरा, पाणी सोडा, एक पावसाळा जाऊ द्या, आपोआप बसते. सगळा घात इथेच आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या कशाने, असं वाटतं या लोकांना? एका पावसाळ्याने तिची खोड जात नाही, ती दरवर्षी फुगणार आणि दरवर्षी आकसणार. त्यात घराच्या मधोमध ऊन लागत नाही म्हणून तिथला ओलावा अडकून राहतो, कडेची माती मात्र सुकते, मग मधली फरशी वर उचलते, दारं अडकायला लागतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात आणि आपण दर दिवाळीला पुट्टी भरत बसतो.

पटत नसेल तर आयएस २७२० भाग ४० या भारतीय मानकातली माती किती फुगते ते मोजायची टेस्ट बघा. चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम घ्यायची, एका नळीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलात ती फुगत नाही, पाण्यात फुगते. हा फरक ५० टक्क्यांच्या वर गेला तर ती माती भरावाला वापरायची नाही, असं केंद्राच्या रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये सरळ लिहिलंय. रस्त्याखाली चालत नाही ती घराखाली चालते म्हणे!

"धुम्मस, रोलर काही लागत नाही". लागतं हो. नुसत्या पाण्याने वाळू बसेल एकवेळ, चिकण मातीची ढेकळं तशीच राहतात आणि मधल्या पोकळ्याही. प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९३३ मध्येच दाखवून दिलं की ठराविक ओलाव्यालाच माती सगळ्यात घट्ट दबते, फार कोरडी नको आणि चिखलही नको. मुरूमसुद्धा १५-२० सेंमीचे थर करून, पाणी मारून, थरागणिक ठोकूनच भरायचा. आता एक मान्य करतो, नाइलाजाने. बरेच ठेकेदार तीन फूट मुरूम एकदम ओततात, वरून पाइप सोडतात आणि बिल मात्र पूर्ण लावतात, तेव्हा मेसेजवाल्याचा संशय अगदीच हवेतला नाही. पण मग थरावर उभं राहून काम करून घ्या ना, मुरूमच कशाला रद्द करता?

"काळ्या मातीवर फूटभर वाळू टाकली की फुगत नाही". उलट वाळूत पाणी साठतं आणि निवांत खाली मुरतं. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर सुचवला तो उगीच नाही.

वाळवी लागू नये म्हणून भरावात खडे मीठ टाका म्हणे? क्लोराइडने सळई गंजते, विषय संपला.

राहिलं ते "आमचं आजोबांचं घर काळ्या मातीवरच उभं आहे". असेल, पण ते मातीच्या जाड भिंतींचं, थोडं हललं तरी सांभाळून घेणारं, आणि दरवर्षी आजी सारवायची त्यात चिरा बुजून जायच्या.