३१ मार्चच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

वर्षअखेरीला पतसंस्थेचं सॉफ्टवेअर दीड तास अडकलं, खातेदार काउंटरवर ताटकळले, फोन केला तर ‘सर्व्हर रीस्टार्ट करा’ एवढंच ऐकायला मिळालं, आणि एका खातेदाराचा हप्ता बचत खात्यात नावे पडला पण कर्जखात्यात जमाच झाला नाही, असं तुम्ही लिहिलंय. यातलं अक्षरही खोटं नाही. मनापासून माफी मागतो.

‘फुकटचा डेटाबेस वापरता, दुसरं काय होणार’ हे मात्र मान्य नाही. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसचा यात काही दोष नाही. चूक आमच्या कोडची.

हप्ता वळता करताना आमचा प्रोग्राम आधी बचत खातं नावे करायचा, मग खातेदाराला एसएमएस पाठवायचा, आणि त्यानंतर कर्जखात्यात जमा. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे नोंदी पक्क्या व्हायच्या तर सगळ्या एकत्र, नाहीतर एकही नाही, अशा गठ्ठ्यात. त्या दिवशी एसएमएस सेवा मंदावली होती आणि तिच्या उत्तराची किती वेळ वाट बघायची, याला आम्ही मर्यादाच घातली नव्हती. तोवर प्रत्येक व्यवहार डेटाबेसचं एक कनेक्शन धरून बसायचा. कनेक्शनचा पूल, म्हणजे तयार ठेवलेला साठा, हिकारीसीपी या लायब्ररीचा, आकार मूळचाच, म्हणजे १०. दहा व्यवहार अडकले की अकराव्या स्क्रीनवर ३० सेकंद चक्र फिरायचं आणि मग एरर. रीस्टार्ट केलं की कनेक्शन सुटायची, थोड्या वेळाने पुन्हा तेच.

पैशांची चूक याहून गंभीर. एसएमएस फसला की आमचा कोड चेक्ड एक्सेप्शन, म्हणजे जावामधला आधीच अपेक्षित धरलेल्या अडचणीचा इशारा, फेकायचा. आमचा कोड ज्या स्प्रिंग फ्रेमवर्कवर चालतो, त्यात वेगळं सांगितलं नसेल, तर रोलबॅक (नोंदी मागे घेणं) फक्त रनटाइम एक्सेप्शन (चालू असताना आलेली अनपेक्षित चूक) आणि एररवर होतो. चेक्ड एक्सेप्शन आलं तरी कमिट होतं, म्हणजे तोवरच्या नोंदी पक्क्या होतात. म्हणून नावे पडलेली रक्कम पक्की झाली आणि जमेची नोंद झालीच नाही. हे आम्हाला माहीत असायलाच हवं होतं. रीस्टार्टने पैसे गेले, ही तुमची शंका मात्र काढून टाका. अर्धवट राहिलेला व्यवहार पोस्टग्रेस स्वतःच मागे घेतो.

पूल १०० करा, असं आमच्याकडेही सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं. समोरून उत्तरच येत नसेल तर शंभरही भरतात, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादाच १०० कनेक्शनची आहे.

आता एसएमएस कमिटनंतरच जातो, पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर मागाहून पुन्हा पाठवला जातो, आणि कुठलंही एक्सेप्शन आलं तरी रोलबॅक होतो. त्या दिवसाच्या तुमच्या सगळ्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशीच आणखी दोन खाती सापडली. तिन्हींची दुरुस्ती केली आहे, यादी तुमच्या कार्यालयात पोचवली आहे. लेखापरीक्षकांना पत्र लागलं तर माझ्या सहीने देईन.

फोनवरच्या मुलावर राग धरू नका. रीस्टार्टपलीकडे काही सांगायला आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं.