पहिल्या पेटीचा भाव

यंदा गणपतीला गुहागर तालुक्यातील आमच्या घरी आरती आटोपल्यावर पडवीत जो वाद रंगला, तो वाडीतल्याच एका मुलावरून होता. तालुक्याच्या मैदानांवर ज्याची चढाई रोखणे कुणाला जमत नसे, तो व्यावसायिक कबड्डीच्या संघात निवडला गेला आणि दोन मोसम राखीव खेळाडूंच्या बाकावर काढून परत आला. थोरल्या काकांच्या मते वशिला कमी पडला. चाकरमानी भावंडांचे म्हणणे असे की, गावात मॅट नाही, धड व्यायामशाळा नाही, मग पोरे टिकणार कशी? शेवटी काका माझ्याकडे वळले, "तुमच्या कॅनडात असे होत नसेल ना रे?" होते, आणि आइस हॉकीत तर सर्रास होते, हे सांगताना माझीच पंचाईत झाली, कारण तिथे सोयींकडे बोट दाखवण्याची सोय नाही.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून मी २०१० साली ऑन्टारिओतील सार्नियाला गेलो. त्याच हिवाळ्यात तिथल्या 'सार्निया स्टिंग' या कनिष्ठ संघाकडून नेल याकुपोव्ह नावाच्या सतरा वर्षांच्या रशियन मुलाने पहिल्याच मोसमात ४९ गोल केले. २०१२ मध्ये एडमंटनच्या संघाने त्याला उत्तर अमेरिकेतील सर्वांत वरच्या, नॅशनल हॉकी लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत सर्वांत आधी निवडले. पदार्पणात १७ गोल झाले, मग उतरण लागली, चार मोसमांत चार प्रशिक्षक आले, आणि ३५० सामन्यांनंतर चोविसाव्या वर्षी तो रशियाला परतला. बर्फ, पैसा, डॉक्टर, सगळे हाताशी असताना!

माझ्या शेजाऱ्यांचा मुलगाही कनिष्ठ संघात चमकून व्यावसायिक झाला, त्याला मी जवळून पाहिले आहे. बरोबरीच्या पोरांत चकती (या खेळातला चेंडूच म्हणा) मिळाली की तो मान वर करून क्षणभर थांबत असे आणि तेवढ्यात समोरची फळी फुटलेली त्याला दिसत असे. त्याचे सारे कौशल्य त्या क्षणात होते. तिशीतल्या गड्यांसमोर तो क्षणच उरला नाही. मान वर होईपर्यंत कुणीतरी त्याला मैदानाच्या कडेच्या कठड्यावर आदळलेले असे. शिवाय आइस हॉकीत आक्रमक खेळाडू चार फळ्यांत आळीपाळीने उतरतात; त्यांतल्या गोल करण्याच्या पहिल्या दोन फळ्यांमधल्या जागा मुरलेल्या खेळाडूंनी व्यापलेल्या असल्यामुळे त्याच्या वाट्याला चौथी फळी आली, म्हणजे सामन्यात आठ-नऊ मिनिटे बर्फावर उतरायचे, फटके अंगावर घ्यायचे आणि कोपऱ्यातली चकती ओढून काढायची. ज्या कामासाठी त्याला निवडले, ते काम त्याला कुणी दिलेच नाही, आणि जे दिले ते त्याला कुणी कधी शिकवले नव्हते.

मुळात ही निवड होते अठराव्या वर्षी. फेब्रुवारीत वाशीला पोहोचणाऱ्या हापूसच्या पहिल्या पेटीला जो भाव मिळतो तो गोडीचा नसतो, लवकर आल्याचा असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीला बदलतात, म्हणून जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा हाडापेराने थोराड असतो आणि तोच गुणी ठरतो. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने हे ऐंशीच्या दशकातच दाखवून दिले. (आमच्या पिढीत मास्तरांनी निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लावली, तो घोळ निराळा.) त्यात कॅनडाच्या कनिष्ठ संघांतून निवडलेल्या एकोणिसाच्या मुलाने एकतर थेट वरच्या लीगमध्ये टिकावे, नाहीतर पुन्हा पोरांत जावे, असा नियम वर्षानुवर्षे होता, मधली अमेरिकन हॉकी लीग त्याला बंद होती. तो नियम आता कुठे सैल होतो आहे.

सार्नियाहून तासाभराच्या वाटेवरील डेट्रॉइटच्या संघाने मात्र चौदा आणे तयार झाल्याशिवाय फळ न उतरवण्याचा शहाणपणा दाखवला. रशियाच्या पावेल डॅट्स्यूकला त्यांनी १९९८ च्या निवडीत १७१व्या, तर स्वीडनच्या हेन्रिक झेटरबर्गला १९९९ मध्ये २१०व्या क्रमांकावर घेतले आणि दोघांनाही आपापल्या देशांत, मोठ्या माणसांत खेळू दिले. एक तेविसाव्या वर्षी आला, दुसरा बाविसाव्या. नॅशनल हॉकी लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली चषक २००८ मध्ये डेट्रॉइटने याच दोघांच्या जोरावर जिंकला.

वशिला नसतोच असे मी म्हणत नाही, आणि मॅट तर हवीच. परंतु तालुक्याची माती आणि दूरचित्रवाणीवरची मॅट यांच्या मध्ये, जिथे हरायची मुभा आहे आणि रोज खेळायला मिळते, अशी दोन-तीन वर्षांची जागा आपण मागतच नाही. लीग आली की आपण फक्त निवडीचे फटाके वाजवतो.

तो मुलगा इतका वेळ खांबाला टेकून गप्प ऐकत होता. दोन मोसमांत किती चढाया मिळाल्या, असे मी विचारताच त्याला आठवावे लागले नाही. "अकरा, काका," तो म्हणाला, "त्यांतल्या नऊ सामना हातातून गेल्यावर."