दुर्गा खोटेंना नुसती जोधाबाई म्हणून संपवू नका

दुर्गा खोटेंचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. चांगल्या घरातली बाई सिनेमात गेली म्हणून केवढा गहजब झाला, आणि 'मुघल-ए-आझम'मधली सलीमची आई, जोधाबाई. दोन्ही खरं आहे. पण यात त्यांचं काम कुठे आलं? घराण्याच्या पुण्याईवर कोणी पन्नास वर्षं टिकत नाही.

१९३१च्या 'फरेबी जाल'मधली छोटी भूमिका अंगाशी आली होती. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने मराठीतला पहिला बोलपट केला, 'अयोध्येचा राजा'. शांतारामबापूंचं (व्ही. शांताराम) दिग्दर्शन, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गाबाई. हा चित्रपट मराठी आणि हिंदी असा दोनदा झाला. डबिंग नव्हतं, त्यामुळे तोच प्रसंग दुसऱ्या भाषेत पुन्हा उभा करायचा, आणि रडायचंही पुन्हा. पार्श्वगायन हिंदी सिनेमात आलं १९३५ला, म्हणजे तारामतीची अंगाईसुद्धा बाईंनी स्वतःच गायली.

हे किती अवघड होतं ते आज लक्षात येत नाही. वादक चौकटीबाहेर बसलेले, माइक कुठेतरी सामानाआड दडवलेला. मान वळली की शब्द पडायचा, माइकच्या फार जवळ गेलं की आवाज फाटायचा. तबल्याचा ठेका चुकला तरी टेक बाद आणि निगेटिव्ह वाया! जुन्या बोलपटांत माणसं खांबासारखी उभी राहून बोलतात म्हणून आपण हसतो आणि खापर नाटकी अभिनयावर फोडतो. निम्मा दोष त्या माइकचा आहे. हलायला बंदी असताना फक्त डोळे आणि आवाज यांवर प्रसंग पेलायचा, हे शिक्षण दुर्गाबाईंना पहिल्याच मोठ्या कामात मिळालं.

मग १९३६चा 'अमर ज्योती'. यातली सौदामिनी आई आहे, पण मुलावरचा हक्क नाकारला म्हणून समुद्रावर चाचेगिरी करणारी आई. पुढे जन्मभर त्यांना सोशिक माउली करून ठेवणाऱ्यांनी हा चित्रपट पाहिला होता का, अशी मला दाट शंका आहे.

नट-नट्या कंपनीच्या मासिक पगारावर असण्याचा तो काळ. दुर्गाबाई मात्र कोल्हापूरहून थेट कलकत्त्याला जाऊन दिग्दर्शक देवकी बोस यांच्याकडे 'राजरानी मीरा' आणि 'सीता' करून आल्या. १९३७ला 'साथी' स्वतः काढला, दिग्दर्शनही स्वतःच केलं.

पण माझ्या मते खरी कसोटी रंगभूमीवर होती. बहुतेक जण नाटकातून सिनेमात जातात. बाईंचं नाव आधी पडद्यावर झालं आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९५४ला, त्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'राजमुकुट'मध्ये उतरल्या. शिरवाडकरांनी केलेलं शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चं रूपांतर, बाई लेडी मॅकबेथ आणि समोर नानासाहेब फाटक. नानासाहेबांच्या आवाजासमोर भलेभले झाकले जायचे. कॅमेऱ्यापुढे मुरलेला नट रंगमंचावर हमखास दोन ठिकाणी फसतो. वाक्याच्या शेवटाला आवाज खाली सोडतो, म्हणून क्रियापद मागच्या रांगेत पोचतच नाही. आणि भाव चेहऱ्यावरच ठेवतो, जो दहाव्या रांगेपलीकडे दिसत नाही. त्यात झोपेत चालण्याचा प्रवेश! डोळे उघडे पण नजर कशावरच नाही, हात चोळणं सतत चालू, आणि कुजबुज अशी की शेवटच्या माणसालाही ऐकू जावी. चुकलं तर रीटेक नाही. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तली आनंदीबाईही त्यांनी केली. दोघी नवऱ्याला सत्तेकडे ढकलणाऱ्या, पण आनंदीबाईचा डाव थंड डोक्याचा. एकाच पट्टीत दोन्ही करून भागत नाही.

हे सगळं माहीत असलं की जोधाबाई वेगळी दिसते. अकबर झालेले पृथ्वीराज कपूर गरजत असतात. त्यांच्यासमोर आवाज चढवला तर सामना हरणार, हे बाईंना पक्कं ठाऊक आहे. त्या वेग कमी करतात आणि शब्दाआधी थांबतात.

पुरस्कारांची यादी कुठेही मिळेल: १९६८ची पद्मश्री, 'बिदाई'साठी फिल्मफेअर, १९८३चा फाळके. त्यापेक्षा हे बघा की बाईंनी स्वतःची निर्मितीसंस्था काढून जाहिरातपट आणि लघुपट केले आणि दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' त्याच संस्थेची होती. लोक ती मालिका आठवून हळवे होतात, पण श्रेयनामावलीतलं हे नाव वाचत नाहीत.

'अयोध्येचा राजा' पाहायला बसाल तेव्हा तारामतीच्या अंगाईला चित्राकडे दुर्लक्ष करून एकदा नुसतं ऐका. श्वास कुठे घेतला ते स्पष्ट कळतं.