पन्नास कणांचा बागुलबुवा

‘५० कणांच्या पुढे साधा संगणक हात टेकतो. क्वांटम संगणक येईपर्यंत क्वांटम प्रणालींचं सिम्युलेशन विसरा, आणि स्वतः कोड लिहिण्याचा खटाटोप तर नकोच.’ या आशयाचा मजकूर बराच फिरतोय, आधाराला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचं नाव. यातला हिशेब बरोबर आहे. निष्कर्ष नाही.

आधी हिशेब. दोन पातळ्यांच्या n कणांना २ⁿ कॉम्प्लेक्स संख्या लागतात, प्रत्येकी १६ बाइट. ३० कणांना १६ जीबी, ४० ना १६ टीबी, ५० ना १६ पीबी. पण सगळ्या संख्या साठवायच्याच, असं कोणी सांगितलं? स्पिनच्या (वर किंवा खाली अशा दोन पातळ्यांच्या कणांच्या) साखळीची किमान ऊर्जेची अवस्था घ्या. तिथे एन्टँगलमेंट, म्हणजे कणांच्या अवस्थांची एकमेकांतली क्वांटम गुंतागुंत, मुख्यतः शेजाऱ्या-शेजाऱ्यांत असतं. स्टीव्हन व्हाइट यांची १९९२ची डीएमआरजी पद्धत नेमका याचाच फायदा घेते. १०० स्पिन, बाँड डायमेन्शन (साखळीच्या दोन भागांतली किती गुंतागुंत साठवायची याची मर्यादा) २०० धरलं तर ८० लाख संख्या. इथे साध्या वास्तव संख्या पुरतात, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ६४ एमबी. पूर्ण व्हेक्टर लिहायचा तर एकावर तीस शून्यं! अडचण कणांच्या संख्येची नसते, एन्टँगलमेंटची असते.

फाइनमन १९८१च्या भाषणात हुबेहूब नकलेबद्दल बोलत होते. अंदाजे पण खात्रीचं उत्तर काढू नका, असं ते म्हणाले नव्हते.

‘प्रयोगांनीच सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्यांसाठी: गूगलच्या ५३ क्यूबिटच्या (क्वांटम बिटच्या) सिकॅमोर या क्वांटम चिपने २०१९मध्ये २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील, असा दावा होता. पुढे टेन्सर नेटवर्क (मोठा व्हेक्टर छोट्या तुकड्यांच्या जाळ्यात मांडण्याची पद्धत) वापरून ५१२ जीपीयूंवर ते सुमारे १५ तासांत झालं. आयबीएमच्या १२७ क्यूबिटच्या २०२३मधल्या प्रयोगाची उत्तरं तर तो जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच इतरांनी लॅपटॉपवर काढली. प्रत्येक सर्किट असं वठणीवर येईल असं मात्र नाही.

राहिला स्वतःच्या कोडचा मुद्दा. माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी श्रोडिंगर समीकरणाला (क्वांटम अवस्था काळात कशी बदलते ते सांगणाऱ्या) सरळ ऑयलर पद्धत, म्हणजे छोट्या पायऱ्यांनी पुढे जाण्याची सर्वांत साधी रीत, लावली होती. सोयीच्या एककांत ऊर्जा १०, वेळेची पायरी ०.०१ असेल तर दर पायरीला एकूण संभाव्यता १.०१ पटीने फुगते. हजार पायऱ्यांनी १ च्या जागी वीस हजारांवर! एकूण संभाव्यता जपणारी क्रँक-निकोल्सन पद्धत लावल्यावर ती जागेवर राहिली. रेडीमेड पॅकेज मीही वापरतो, पण हिशेब का फुटतो हे त्या रात्री कळलं.

दुसरं उदाहरण २० स्पिनच्या हायझेनबर्ग साखळीचं. हॅमिल्टोनियनची (प्रणालीची ऊर्जा सांगणारी) पूर्ण मॅट्रिक्स ८ टीबी, व्हेक्टर फक्त ८ एमबी. मग मॅट्रिक्स मांडायचीच नाही. ती व्हेक्टरवर काय करते एवढंच एक फंक्शन लिहायचं आणि किमान ऊर्जा शोधणाऱ्या लँक्झोस पद्धतीला द्यायचं. वरचे आणि खालचे स्पिन सारखे, म्हणजे z दिशेतला एकूण स्पिन शून्य, असलेल्याच अवस्था घेतल्या तर व्हेक्टरची लांबी १०,४८,५७६ वरून १,८४,७५६ वर येते.

दाव्यात तथ्य आहे ते वेगळ्याच जागी. द्विमितीय फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारखे कण) घेतले की यादृच्छिक नमुने घेणाऱ्या माँटे कार्लो पद्धतीला बहुतेकदा साइन प्रॉब्लेम छळतो: धन आणि ऋण पदं एकमेकांना खोडतात आणि उत्तर गोंगाटात हरवतं. आणि त्याच १०० स्पिनच्या साखळीला अचानक धक्का देऊन काळात पुढे नेलं की एन्टँगलमेंट वाढत जातं, २००चं बाँड डायमेन्शन बघता बघता अपुरं पडतं. तिथे माझाही कोड हात टेकतो, कण तेवढेच असून.