आतोबांचं लेखापरीक्षण, मुक्काम फिलाडेल्फिया

न्यू जर्सीत घर घेताना एजंट सगळं सांगतो. शाळा चांगली आहे, देशी किराणा जवळ आहे, तळघरात पाणी शिरत नाही. एक गोष्ट मात्र तो शिताफीने लपवतो. इथून फिलाडेल्फिया सव्वा तासावर आहे, आणि त्यामुळे मे ते ऑगस्टमध्ये भारतातून उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अमेरिकेचा जन्म दाखवून आणायचं काम आपसूक तुमच्या गळ्यात पडतं.

साधे पाहुणे असले तर निभतं. लिबर्टी बेल नावाच्या तिथल्या प्रसिद्ध घंटेसमोर फोटो झाला की ते स्वतःच म्हणतात, "चला, आता जेवायचं बघा." पण आमचे आतोबा साधे पाहुणे नव्हेत. त्यांनी उभा जन्म सरकारी लेखापरीक्षणात काढलाय. समोर छापील मजकूर आला की तो पहिल्या अक्षरापासून वाचायचा आणि चूक सापडल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, ही खोड निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. औषधाच्या खोक्यातलं घड्या घातलेलं पत्रक ते वाचतात. माझ्या घराच्या कराचं बिलही त्यांनी वाचून काढलं. आणि अमेरिकन संग्रहालय म्हणजे भिंतीच्या भिंती मजकूर, अधूनमधून एखादी वस्तू.

लिबर्टी बेलकडे जाताना तपासणी असते. तिथे आत्याच्या पिशवीतून दशम्यांचा डबा निघाला, शेंगदाण्याची चटणी निघाली, आणि दोन्ही हातमोजे घातलेल्या हातांनी सन्मानाने परत आली. आतोबा तोवर दारावरची सूचना वाचून मोकळे झाले होते.

घंटेपाशी पोचायच्या आधी एक लांबलचक दालन लागतं, त्यात तिची सगळी कुळकथा लावलेली आहे. इतर लोक ते दालन चालत ओलांडतात. आम्ही ते वाचलं. १७५२ साली घंटा लंडनहून आली आणि पहिल्यांदा वाजवून पाहताच तडकली. मग पास आणि स्टो नावाच्या दोन स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. तांबं जास्त पडलं, आवाज बद्द यायला लागला. पुन्हा वितळवली, पुन्हा ओतली. एकाच वर्षात, १७५३ मध्ये, एकाच कामावर दोनदा ओतकाम! आतोबांच्या चेहऱ्यावर त्या प्रवासातला पहिला आनंद मी तेव्हा पाहिला.

दुसरा आनंद घंटेसमोरच झाला. "अरे, ह्यांनी पेन्सिल्व्हेनियात एक एन कमी घातलाय!" खरंच घातलाय. आजूबाजूचे सगळे भेग बघत होते, आतोबांनी स्पेलिंग पकडलं. रुंद कडेची टोपी घातलेल्या रेंजर बाईंनी हसून सांगितलं की त्या काळी असंही लिहीत असत. आतोबा मराठीत म्हणाले, "सगळे असंच सांगतात."

भेगेची गोष्ट त्याहून भारी आहे. घंटेला बारीक तडा आधीच गेलेला होता. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या वाढदिवसाला ती वाजवायची म्हणून तड्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत एवढ्यासाठी तो मुद्दाम कोरून रुंद केला. घंटा वाजली, तडा आणखी वर चढला आणि घंटा कायमची मुकी झाली. म्हणजे सगळं जग जिचे फोटो काढतं ती भेग नाहीच, ती दुरुस्ती आहे. घरी एकदा तरी प्लंबर बोलावलेल्या माणसाला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

आत्याचं मत मात्र ठाम होतं. "तडा गेलेलं घरात ठेवू नये. एवढं श्रीमंत राष्ट्र, मोडीत घालायची आणि नवी घ्यायची." घंटा सुमारे ९४० किलोची आहे. आतोबांनी तिथल्या तिथे मोडीचा भाव काढला आणि घट किती धरायची ह्यावरून नवराबायकोचं जुंपलं. एका जपानी कुटुंबाला वाटलं, हे लोक स्वातंत्र्यावर चर्चा करताहेत. ते अदबीने बाजूला झाले.

बाहेर पडल्यावर मी गाडीकडे वळणार तोच आतोबा पुन्हा थांबले. घंटेच्या इमारतीला लागूनच, भर उन्हात, जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहायचे त्या घराचा पाया जपून ठेवलाय. ह्या घरात त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते. १७८०च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम पेन्सिल्व्हेनियात सलग सहा महिने राहिला तर त्याला सुटका मागता येत असे. म्हणून वॉशिंग्टनसाहेब सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर धाडायचे आणि परत आणायचे.

आतोबा हे ऐकून कधी नव्हे ते गप्प झाले. मग म्हणाले, "हा तर सेवेतला खंड." आमच्याकडे रोजंदारीवरच्या माणसाला कायम करावं लागू नये म्हणून मधेच काही दिवस घरी बसवतात आणि पुन्हा घेतात. त्यांनी आयुष्यभर असली हजेरीपत्रकं तपासली. इथे हजेरीपत्रकाच्या वर राष्ट्रपित्याचं नाव होतं, एवढाच फरक. ओनी जज नावाची बाईसाहेबांची दासी १७९६ मध्ये मालक मंडळी जेवायला बसलेली असताना ह्याच घरातून निघून गेली. वॉशिंग्टनने तिला परत आणायची खटपट केली, ती काही परतायला तयार नव्हती. "शाब्बास," आत्या म्हणाली, आणि डब्यातली दशमी काढून आतोबांच्या हातात ठेवली.

इंडिपेन्डन्स हॉलमध्ये वेळ ठरलेली असते, गाइड असतो, आणि तो बाहेर काढतो. माझ्या मते जगातल्या सगळ्या संग्रहालयांनी ही पद्धत घ्यावी. १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ची राज्यघटना ह्याच खोलीत मंजूर झाली. खोलीतल्या बऱ्याचशा खुर्च्यामेजं त्या काळातली पण दुसरीकडून आणलेली आहेत, वॉशिंग्टनची अर्ध्या सूर्याचं कोरीवकाम असलेली खुर्ची तेवढी अस्सल. "म्हणजे साठा जुळत नाही," आतोबा पुटपुटले. गाइडने पुढच्या तुकडीला आत घेतलं म्हणून वाचलो.

दुपारी कलासंग्रहालय. त्याच्यासमोर ७२ पायऱ्या आहेत आणि एका बॉक्सरच्या सिनेमामुळे त्या आतल्या चित्रांपेक्षा प्रसिद्ध आहेत. लोक धापा टाकत वर पळत जातात, दोन्ही मुठी आकाशात उगारतात, फोटो काढतात आणि आत पाऊलही न टाकता खाली उतरतात. किती समंजस लोक! माझ्या मनात होतं त्यांच्याबरोबरच उतरावं, पण आत्याने तिकिटं कुठे मिळतात ते शोधलं होतं.

इतक्या वर्षांच्या पाहुणचारानंतर मला चित्रकला कळत नसली तरी बाकं कळतात. कुठल्या दालनात बाक आहे, त्याला पाठ आहे का, त्याचं तोंड कुणाकडे आहे, हे मी झोपेत सांगेन. थॉमस ईकिन्सचं 'ग्रॉस क्लिनिक' असं मी बसून पाहिलं, आतोबा शेजारच्या तीन भिंती वाचत असताना. १८७५चं हे चित्र दोन संस्थांच्या मालकीचं आहे, कधी इथे असतं, कधी गावातल्याच कला अकादमीत. काळ्या कोटातला, पांढऱ्या केसांचा डॉक्टर ग्रॉस शस्त्रक्रिया मधेच थांबवून विद्यार्थ्यांना काही सांगतोय. हातात सुरी, बोटांवर ताजं लाल रक्त. हातमोजे नाहीत, मास्क नाही, मदतनीसही कचेरीतून उठून आल्यासारखे कोटात. मांडी उघडी पडलेल्या पेशंटच्या पायात मोजे तसेच. बाजूला एक बाई तोंड झाकून आक्रसून बसलेली. १८७६च्या मोठ्या प्रदर्शनात चित्रांच्या दालनात ह्याला जागा मिळाली नाही, ते लष्करी इस्पितळाच्या विभागात टांगलं गेलं.

आत्या शेजारी येऊन टेकली. म्हटलं, "ह्यानंतर आठ वर्षांनी आनंदीबाई जोशी ह्याच गावात डॉक्टरकी शिकायला आल्या. १८८६ मध्ये पदवी घेतली." ती बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. "आणि आपण तिला गुजराथी साडी नेसली की नऊवारी, एवढंच विचारत बसलो," ती म्हणाली. लगेच तिचं लक्ष बाकाकडे गेलं. "ह्याला पाठ का नाही रे?"

वरच्या मजल्यावर मदुराईच्या मंदिराचा दगडी मंडप उभा आहे, सोळाव्या शतकातला. फिलाडेल्फियाच्या एका बाईने १९१२ साली तिथे फिरताना त्याचे खांब विकत घेतले. आत्याने चपला काढल्या. पहारेकऱ्याने नम्रपणे घालायला सांगितल्या. तिने नम्रपणे नाही सांगितलं. शेवटी तोच दुसरीकडे बघायला लागला. आतोबांना वेगळीच चिंता होती: "पावती असेल ना हिच्याकडे?"

द्युशाँ नावाच्या फ्रेंच चित्रकाराच्या दालनात मला धाकधूक होती. तिथे एक भलीमोठी काच आहे, ब्रुकलिनच्या प्रदर्शनाहून परत येताना तडकलेली. चित्रकाराने १९३६ मध्ये तुकडे बसवले आणि तडे आवडले म्हणून ठेवले. आत्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. पुढे चिनी मातीची मुतारी, त्यानेच कलाकृती म्हणून मांडलेली, काचपेटीत. आतोबांनी पाटी वाचली: मूळ १९१७चं हरवलं, हे १९५०चं.

"वस्तू हरवल्याची नोंद स्वच्छ, बदली वस्तूचं वर्षही दिलंय," ते म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना काही खटकलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडीत ते प्रसन्न होते. उद्या विश्रांती, परवा वॉशिंग्टन, असं त्यांनीच ठरवून टाकलं. मी तिकडचं पार्किंग, तिकडचं ऊन, सगळं सांगून पाहिलं.

"पण स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट आहेत ना?"

"आहेत."

"आणि बंद कधी असतात?"

"नाताळच्या दिवशी."

आतोबांनी मागे वळून आत्याला विचारलं, "आपलं परतीचं तिकीट पुढे ढकलता येतं का गं?"