काउंटीच्या हद्दीवर थांबू नका

आईवडील व्हिसावर अमेरिकेत आले की आपली गाडी ठरलेल्या वाटेनेच जाते. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, हौस असेल तर वेगास. प्रत्येक ठिकाणी रांग, तिकीट, फोटो, पुढचा पॉइंट. त्यात वाईट काही नाही, आम्हीही ते सगळं केलं. पण या देशाची जडणघडण त्यांना दाखवायची असेल तर एक वेगळी सहल सुचवतो. एखादी आडबाजूची, शेती-गुरांची काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) निवडा, टाकी फुल करा आणि तिथला स्थानिक इतिहास आपली आपण गाडी चालवत बघा. गाइड नाही, बस नाही, घड्याळ नाही. जवळजवळ प्रत्येक ग्रामीण काउंटीचं असं एखादं माहितीपत्रक असतं. नकाशावर आकडे टाकलेले असतात आणि आकड्यांपुढे जुनं कोर्टहाउस, शाळा, पूल, स्मशानभूमी असं काहीबाही लिहिलेलं असतं. बहुतेक लोक ते रेस्ट एरियातून उचलतात आणि गाडीच्या कप्प्यात विसरतात.

आम्ही कॅन्सस सिटीकडे राहतो, म्हणून माझं उदाहरण कॅन्ससमधल्या चेज काउंटीचं. आय-35 ने एम्पोरिया, तिथून यूएस-50 ने पश्चिमेला स्ट्राँग सिटी. वस्ती अख्ख्या काउंटीत मिळून तीन हजारांच्या आत. ‘कॅन्ससमध्ये बघण्यासारखं काय आहे?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी इथे पाठवतो. आणि परत आल्यावर तो ‘छान होतं’ एवढंच म्हणाला, तर ओळखतो की गडी काउंटीच्या हद्दीवरूनच मागे फिरला. त्या हद्दीकडे येतोच, आधी आतलं सांगतो.

कॉटनवुड फॉल्स हे काउंटीचं मुख्य गाव. विटांच्या फरसबंदीचा एक रुंद रस्ता आणि त्याच्या टोकाला 1873 सालचं कोर्टहाउस. स्थानिक चुनखडीचा दगड, वर लाल, दुहेरी उताराचं मॅन्सर्ड छप्पर, त्यावर घड्याळाचा मनोरा. जॉन हॅस्केल या आर्किटेक्टने फ्रेंच धाटणीत बांधलेली ही इमारत अजून कामात आहे, कॅन्ससमधलं चालू असलेलं सगळ्यात जुनं कोर्टहाउस. आत नदीकाठच्या अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना तीन मजले चढत जातो. आईने कठड्यावरून हात फिरवत पहिला प्रश्न विचारला, “एवढ्याशा गावाला एवढं मोठं कोर्ट कशाला रे?” नेमका प्रश्न होता. तेव्हा गाव मोठं नव्हतंच, मोठं होणार अशी खात्री होती. रेल्वे नुकतीच आली होती, 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन जवळपास फुकट मिळत होती आणि कोर्टहाउस जितकं दिमाखदार तितके वस्तीला लोक जास्त येतील असा हिशोब होता. तो हिशोब जमला नाही. इमारत मात्र टिकली.

काउंटीला नाव सॅमन चेज यांचं. लिंकनचे अर्थमंत्री, पुढे सरन्यायाधीश, आणि 10,000 डॉलरच्या जुन्या नोटेवरचा चेहरा. बाबांना ही नोटेची गोष्ट कोर्टहाउसपेक्षा जास्त आवडली.

तिथून के-177 ने उत्तरेला थोडं गेलं की टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व, म्हणजे उंच गवताच्या माळरानाचं राष्ट्रीय राखीव क्षेत्र. प्रवेश फुकट. एके काळी उंच गवताची ही प्रेअरी उत्तर अमेरिकेत सुमारे 17 कोटी एकरांवर पसरली होती. आज चार टक्क्यांहूनही कमी उरली आहे, आणि उरली त्यातली बरीचशी याच फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्यांमध्ये. का उरली, याचं उत्तर वाचण्यापेक्षा बघावं. बाबा पायवाटेच्या कडेला उभे राहिले, बुटाच्या टाचेने माती जरा उकरली आणि दोन बोटांवर टाच खट्कन दगडाला लागली. चुनखडी, आणि तिच्यात गारगोटीसारख्या कठीण चर्टचे थर. “इथं नांगर घातला तर फाळ मोडेल,” एवढं बोलून ते पुढे चालू लागले. झालं, विषय संपला. आयोवा आणि इलिनॉयची काळी जमीन नांगराखाली गेली, ही गेली नाही. म्हणून इथे मका-सोयाबीन नाही, गुरं आहेत. टेक्सासकडची गुरं उन्हाळ्यात इथल्या गवतावर पोसायची आणि रेल्वेने बाजाराला धाडायची, हा धंदा त्यातूनच उभा राहिला. चुनखडीवरच्या या गवतावर जनावराचं वजन झपाट्याने चढतं.

प्रिझर्वमध्ये स्प्रिंग हिल रँच आहे. स्टीफन जोन्स नावाच्या गुरांच्या व्यापाऱ्याने 1881 साली टेकडीच्या उतारावर दगडी वाडा बांधला. वाडा बघाच, पण माझं मत विचाराल तर जास्त वेळ तिथल्या गोठ्याला द्या. तीन मजली दगडी गोठा, आणि वरच्या मजल्यापर्यंत घोडागाडी थेट आत जावी म्हणून मातीचे चढ घातलेले. वर वैरण, खाली जनावरं, म्हणजे चारा फक्त खाली ढकलायचा. शिवाय मागे दगडी संडास आहे, शेजारी शेजारी तीन बैठकांचा. बायकोने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि दिवसभरात सगळ्यात जास्त प्रतिसाद त्यालाच मिळाले. असो.

जवळच टेकडीवर लोअर फॉक्स क्रीकची एकखोली शाळा आहे, 1930 पर्यंत चाललेली. आजूबाजूला नजर जाईल तिथवर घर नाही. पोरं यायची कुठून, याचा विचार त्या पायऱ्यांवर बसूनच करावा.

वाटेत दगडी कुंपणं दिसत राहतात. चुना-सिमेंट न वापरता नुसता दगडावर दगड बसवलेला, अगदी आपल्या कोकणातल्या गडग्यासारखा. यामागेही कायदा आहे. 1867 साली कॅन्ससने मोकाट चराईची पद्धत बंद केली आणि दगडी कुंपण घालणाऱ्या जमीनमालकाला दर रॉडमागे, म्हणजे साडेसोळा फुटांमागे, 40 सेंट देऊ केले. लाकूड नाहीच, दगड मात्र हवा तितका. पुढे 1874 मध्ये जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि गडगे रचायची गरजच उरली नाही. गाडी सावकाश चालवलीत तर एकाच शेताच्या कडेला आधी दगड आणि मग तार, असा बदल डोळ्यांना दिसतो. यासाठी कुठलीही पाटी लागत नाही. म्हणूनच अशी सहल स्वतः गाडी चालवत करावी, असं मी म्हणतो. दोन आकड्यांच्या मधल्या दहा मैलांत जे दिसतं, ते बसच्या खिडकीतून झोपेत निघून जातं.

क्लेमेंट्सचा दगडी कमानींचा पूल वाटेवर असेल तर बघा, नसेल तर राहू द्या.

दक्षिणेला बझार नावाची वस्ती आहे. 31 मार्च 1931 रोजी कॅन्सस सिटीहून निघालेलं एक फॉकर विमान तिथल्या कुरणात कोसळलं. आठही जण गेले, त्यात नोत्र दाम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक न्यूट रॉकनी होते. रॉकनी त्या काळी देशभर गाजलेले, त्यामुळे प्रकरण दाबलं गेलं नाही. विमानाचे पंख लाकडी होते, आत ओल शिरून चिकटवलेले जोड सुटले होते. लोकांचा विश्वास उडाला, कंपन्या पूर्ण धातूच्या विमानांकडे वळल्या, अपघाताच्या चौकशीबद्दल उघडपणे बोलायची सुरुवातही इथूनच झाली. आपण भारतातून निर्धास्त उडत येतो, त्या निर्धास्तपणात या कुरणाचा वाटा आहे. स्मारक खासगी जमिनीत आहे. परवानगी नसेल तर फाटक ओलांडू नका, टर्नपाइकवरच्या, म्हणजे टोल रस्त्यावरच्या, मॅटफील्ड ग्रीनच्या थांब्यावर त्याची माहिती लावलेली आहे, ती वाचा.

एवढं बघून बहुतेक लोक घरी निघतात. माझी तक्रार आहे ती इथे.

काउंटीचं माहितीपत्रक काउंटीच्या हद्दीत सुरू होतं आणि हद्दीत संपतं. काढणाऱ्यांचा त्यात दोष नाही, त्यांचे पैसे, त्यांची गावं. पण ही हद्द आखली गेली 1859 साली. त्याच 1859 मध्ये उत्तरेला, आजच्या मॉरिस काउंटीच्या बाजूला, काव लोकांशी एक करार झाला. काव, म्हणजे कान्झा, इथली मूळ अमेरिकन जमात, ज्यांच्यावरून राज्याला कॅन्सस नाव पडलं तेच. 1846 च्या करारानंतर त्यांच्याकडे वीस मैल लांब-रुंद जमीन उरली होती, ती आता नऊ गुणिले चौदा मैलांवर आली. आणि 1873 मध्ये, ज्या वर्षी कॉटनवुड फॉल्समध्ये तो अक्रोडाचा जिना दिमाखात उभा राहिला, त्याच वर्षी या लोकांना उठवून आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आलं. दोन्ही घटनांमध्ये गाडीने तासाभराचंही अंतर नाही. पण काउंटी वेगळी, म्हणून पत्रक वेगळं, म्हणून गोष्ट वेगळी. सुट्या सुट्या वाचल्या की एक कर्तृत्वाची कथा वाटते आणि दुसरी भलत्याच कुणाची तरी हळहळ. एका दिवशी बघितल्या की कळतं, कोर्टहाउसमध्ये ज्या जमिनींची खरेदीखतं नोंदली जात होती, त्या जमिनी मोकळ्या कशा झाल्या होत्या.

म्हणून के-177 वर उत्तरेला जात राहा. हा रस्ता फ्लिंट हिल्स सीनिक बायवे म्हणून ओळखला जातो, कॅसोडे ते काउन्सिल ग्रोव्ह 47 मैल. काउन्सिल ग्रोव्ह हे सांता फे ट्रेलवरचं, म्हणजे मिसूरीहून सांता फेला जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरचं, महत्त्वाचं ठाणं. 1825 मध्ये इथल्या झाडीत ओसेज या दुसऱ्या मूळ जमातीशी या वाटेसाठी करार झाला, गावाचं नाव त्यातूनच आलं. गावात काव मिशनची दगडी शाळा आहे, 1851 सालची, काव मुलांसाठी काढलेली. आणि गावाबाहेर अ‍ॅलेगावाहो मेमोरियल हेरिटेज पार्क, काव नेशनने 2000 साली स्वतःच्या पैशाने विकत घेतलेली जमीन. ज्या मुलखातून हुसकावलं तिथलाच एक तुकडा, बाजारभावाने. तिथे सरकारने काव कुटुंबांसाठी बांधलेल्या दगडी घरांचे अवशेष आहेत. त्यांना ती घरं नको होती, ते आपल्या पद्धतीच्या झोपड्यांतच राहिले. दगड तोच, चुनखडीचा. सकाळी वाड्यात आणि कोर्टात बघितलेला.

त्याच पार्कमध्ये आता एक लाल शिळा आहे, 28 टनांची, काव लोकांना पवित्र. 1929 मध्ये ती उचलून लॉरेन्स शहरात नेली आणि तिच्यावर तिथल्या पहिल्या वसाहतकारांच्या नावांची पाटी ठोकली. जवळजवळ शंभर वर्षं ती तशीच होती. 2024 साली ती काव लोकांकडे, या पार्कमध्ये परत आली. माहितीपत्रकं जुनी असतात, तेव्हा हे तुमच्या हातातल्या कागदावर असेलच असं नाही.

‘सुट्टीच्या दिवशी कशाला डोक्याला ताप?’ असं काही मित्र म्हणतात. मला उलट वाटतं. आपण या देशात येतो, जमीन घेतो, घर बांधतो, मुलं इथल्या शाळेत घालतो. म्हणजे त्या खरेदीखतांच्या मालिकेतली पुढची ओळ आपलीच. मग मागच्या ओळी वाचायला एक शनिवार गेला तर काय बिघडलं? मुलांना शाळेत वॅगन आणि पायोनियर शिकवतात, तेही त्यांनी इथेच येऊन तपासावं. माझ्या मुलीने पार्कमध्ये विचारलं, “मग ते लोक आत्ता कुठे आहेत?” ओक्लाहोमात, काव सिटीला त्यांचं मुख्यालय आहे, त्यांचं स्वतःचं सरकार आहे. ते ‘होते’ नाहीत, ‘आहेत’, एवढं तरी मुलांच्या कानावर पडलं पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नकाशा आधीच डाउनलोड करा, टेकड्यांत रेंज जाते. पेट्रोल एम्पोरियात भरा. खडीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून लांब राहा, धुळीत काही दिसत नाही, आणि पाऊस झाला असेल तर ओढ्यावरच्या सखल फरशीवरून गाडी घालू नका. समोरून पिकअप आला की चालक स्टीअरिंगवरून एक बोट उचलेल, तुम्हीही उचला. मार्च-एप्रिलमध्ये धूर दिसला तर घाबरू नका, जुनं गवत मुद्दाम जाळतात, नाहीतर झाडोरा माजतो. पण उंच गवत बघायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर. मे महिन्यात गेलात तर हिरवंगार दिसेल, पण गवत गुडघ्यालाही लागणार नाही, आणि मग मला फोन करून ‘कुठाय तुझी उंच प्रेअरी’ म्हणून विचारू नका.