शेकडा एकवीस

"तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना रे?" सेक्रेटरीकाकांनी लिफ्टमध्ये हे विचारलं, तेव्हाच मी चौथ्या मजल्यावर उतरायला हवं होतं. घर सातव्यावर असलं तरी.

तीन महिन्यांत आमच्या मुलुंडच्या सोसायटीसाठी मी ८४ फ्लॅटांचं मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर करून दिलं. फुकट नाही, वार्षिक सभेत शाल आणि नारळ मिळाला. त्यात शोधाची एक चौकट होती. शब्द टाकला की ज्यांच्या शेऱ्यात तो शब्द आहे ते फ्लॅट खाली हजर. शेजारचं बटण दाबलं की त्या सगळ्यांना मेसेज. बटणाची कल्पना माझी. भारी अभिमान होता मला तिचा.

थकबाकीवर आमच्याकडे वर्षाला २१% व्याज लागतं. आमच्या बायलॉजमध्ये त्याहून जास्त लावता येत नाही, नाहीतर काकांनी लावलं असतं. अशा फ्लॅटांच्या शेऱ्यात ते "व्याज २१% लागू" असं लिहून ठेवतात. एका रविवारी सकाळी त्यांनी चौकटीत "२१%" टाकलं आणि नोटीस धाडली. चौऱ्याऐंशी जणांना.

साडेनऊला पहिली बेल वाजली. ए विंगमधले निवृत्त बँकवाले पावत्यांची फाइल काखोटीला मारून उभे. त्यांच्यामागे बी विंगच्या आजी, कणकेचे हात तसेच घेऊन. "बुडव्यांच्यात नाव घातलंस रे माझं? आता त्या ए विंगवाल्यांना तोंड कसं दाखवू?" ए विंगवाले शेजारीच उभे होते, त्यांनी नम्रपणे छताकडे पाहिलं.

आता आतली गोष्ट. मजकुरात शोधायला डेटाबेसमध्ये लाइक नावाची सोय असते आणि तिच्यात दोन चिन्हं मायावी. % म्हणजे गणपतीतलं उघडं दार: एक येवो, पन्नास येवोत, कुणी नाही आलं तरी आरती होते. _ म्हणजे सलूनची खुर्ची: बरोब्बर एक गिऱ्हाईक, कुठलंही चालेल, पण रिकामी ठेवायची नाही आणि दोघांना बसवायचं नाही. शब्द मधे कुठेही सापडावा म्हणून मी त्याच्या पुढेमागे % लावत होतो. काकांनी स्वतःचा एक आणला. डेटाबेसला दिसलं "%२१%%", म्हणजे कुठेही २१ असलेलं काहीही. आणि प्रत्येकाच्या शेऱ्यात लिहिलेलं होतं, "गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी २०२१ मध्ये भरली." ज्यांनी पैसे भरले, त्यांना भरले म्हणूनच नोटीस गेली.

माझा युक्तिवाद असा की मी काळजी घेतली होती. काकांनी टाकलेला मजकूर मी क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, थेट चिकटवत नव्हतो, पॅरामीटर म्हणून वेगळा देत होतो. त्यामुळे कुणी त्यातून आज्ञा घुसवून डेटाबेसमधलं टेबल उडवू शकत नाही. हे खरंच आहे. पण पॅरामीटर म्हणजे दाराचं लॅच, चोराला अडवतं. इथे रीतसर आत आलेल्या सेक्रेटरीच्या खिशात % होता, आणि लाइक खिसे तपासत नाही, खिशातलं वापरते.

उपाय सोपा: चिन्हाच्या आधी एक एस्केप अक्षर टाकायचं, की पुढच्याला साधं अक्षर समज. मी \ टाकला, ऑफिसच्या मशीनवर मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये तपासला, झकास चालला. सोसायटीच्या संगणकावर मात्र दुसराच डेटाबेस, एसक्यूलाइट. तिथे एकही नाव येईना. मायएसक्यूएल \ ला आपणहून ओळखतं, एसक्यूलाइटला क्वेरीतच 'एस्केप' लिहून ओळख करून द्यावी लागते. शिवाय ते \ प्रोग्रामिंगच्या भाषेतही एस्केप, एकाचे दोन, दोनाचे चार करताना डोळे फिरतात. म्हणून मी \ सोडून ! घेतलं. हिशेबाच्या वहीत उद्गारचिन्ह कोण लिहितंय?

काका लिहितात. "ताबडतोब भरा!!!" हा त्यांचा आवडता शेरा, आणि पुढच्या रविवारी त्यांनी नेमका तोच शोधला. तीन उद्गारचिन्हांतली पहिली दोन मिळून एक झाली, तिसऱ्याने मी मागे लावलेला % गिळला. निकाल शून्य. म्हणजे एस्केपलाही एस्केप करायला हवं होतं. केलं, पण उलट्या क्रमाने: आधी % चं !% केलं, मग सगळ्या ! चे !! केले. झालं !!%, म्हणजे एक साधं उद्गारचिन्ह आणि त्याच्या मागे मोकाट %. "२१%" ला पुन्हा शून्य. आधी एस्केप अक्षर, मग % आणि _, हा क्रम मला रात्री दीड वाजता, चहाच्या तिसऱ्या कपात दिसला.

_ साठी वेगळं रडायची वेळ आली नाही. पण काकांनी "बी_७" शोधलं असतं, तर बी-७, बी/७ आणि बी-७१ सगळे एकाच रांगेत आले असते, आणि आजी पुन्हा कणकेच्या हातांनी.

परवा काकांना समोर बसवून "२१%" टाकायला लावलं. तीन फ्लॅट आले. खरोखरचे थकबाकीदार, अगदी हिशेबासकट. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन खाली-वर करून पाहिली.

"तीनच?" ते म्हणाले. "आधी चौऱ्याऐंशी यायचे. बिघडवलंस तू."